पाण्याची पातळी आणि माळेचे मणी

कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून एका भगिनीचे सहा पानांचे पत्र आले आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील गाळून त्यातला मुख्य भाग येथे देते. वय ५१. गणेशमूर्तींचा घरचा कारखाना, सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, चतुर्थी महिन्यावर आली असताना, कारखान्यात पाणी शिरले आणि रंगाला आलेल्या शाडूच्या मूर्ती जागच्या जागी विरघळल्या. त्यातून उभे राहण्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले, तर २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले. हप्ते अजून चालू आहेत. गेल्या दिवाळीनंतर पतीला पक्षाघात झाला, उजवा हात निकामी झाला, आणि त्या हाताने होणारी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी आता या भगिनीवर येऊन पडली आहे.

त्या लिहितात, ‘पहाटे देवापुढे बसते, माळ हातात घेते, पण दहाव्या मण्याला बंधाऱ्याची पातळी आठवते, विसाव्याला हप्ता आठवतो आणि पन्नासाव्याला रडू येते. जाऊबाई म्हणतात, तू मनापासून करत नाहीस म्हणून तुला शांती मिळत नाही. माझ्या उपासनेत नेमके काय कमी पडते? आणि दाराशी एवढे सगळे उभे असताना डोळे मिटून बसणे म्हणजे पळ काढणेच नव्हे का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

जाऊबाईंचे बोलणे आधी बाजूला करू, कारण ते मनात सलत असेपर्यंत बाकीचे काही तुमच्या कानांत शिरणार नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने हीच तक्रार केलेली आहे. मन चंचल आहे, बळकट आहे, हट्टी आहे आणि त्याला आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे, असे तो ३४ व्या श्लोकात सांगतो. पुढच्याच श्लोकात श्रीकृष्णाचे उत्तर ज्या शब्दाने सुरू होते तो शब्द ‘असंशयं’ हा आहे, म्हणजे तू म्हणतोस त्यात शंकाच नाही. तुझी श्रद्धा कमी पडते, तू मनापासून करत नाहीस, असे तिथे कोणी त्याला म्हणत नाही. त्याची अडचण आधी मान्य केली जाते आणि मगच अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगितले जातात. दहाव्या मण्याला मन पळाले याचा अर्थ तुमच्याजवळ मन आहे, एवढाच घ्यावा. (हे जाऊबाईंना वाचून दाखवायला मात्र जाऊ नका. घरात आणखी एक वाद तुम्हाला परवडणारा नाही.)

आता उपासनेत काय कमी पडते, या प्रश्नाकडे वळते. माझ्या मते कमी काही पडत नाही, एक गोष्ट जास्त होते आहे, आणि ती तुम्हीच नकळत पत्राच्या तिसऱ्या पानावर लिहून ठेवली आहे. पाऊस धरला की तुम्ही दिवसातून वीस वेळा फोनवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहता, असे तिथे आहे. आणि लगेच खाली, माळ संपल्यावर ‘कालच्यापेक्षा आज मन किती शांत झाले ते बघते, पण काहीच फरक दिसत नाही’ असे आहे. मला ही दोन वाक्ये एकाच सवयीची वाटतात. नदीच्या बाबतीत ती सवय समजण्यासारखी आहे. ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका हे आकडे कोल्हापूरच्या लहान मुलालाही पाठ असतात, आणि २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलेले ज्यांनी पाहिले त्यांचा हात पावसाळ्यात फोनकडे जाणारच. निदान नदीला तरी आपण पाहिल्याने काही फरक पडत नाही. मनाचे तसे नाही. ते पाहण्यानेच ढवळले जाते. माती कालवलेल्या पाण्याची बादली बाजूला ठेवली की गाळ आपोआप तळाला बसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. बसला का, बसला का, म्हणून दर घटकेला त्यात हात घालणाऱ्या नवख्या पोराला तुम्ही काय सांगाल? तेच स्वतःला सांगा.

आपण कोल्हापूरचे लोक नवसाच्या वातावरणात वाढलो, त्याचाही यात वाटा असावा. अंबाबाईची ओटी, जोतिबाचा गुलाल, नृसिंहवाडीच्या दत्ताला बोललेली पौर्णिमा, या सगळ्यांत मागणे आणि फेडणे असा व्यवहार असतो. त्यात गैर काही नाही; मीही नवस बोलले आहे आणि फेडलेही आहेत. पण पहाटेच्या बसण्यावर तोच हिशेब लावला की इतक्या माळा दिल्या, आता इतकी शांती मिळाली पाहिजे, अशी मागणी तयार होते, आणि ती पुरी झाली नाही की बसणेच फसल्यासारखे वाटते. अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाचे दिवस आठवून पाहा. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारी सरता सरता मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, मग वर, आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचावीत अशी अपेक्षा असते. कितीदा तरी ढग आडवे येतात आणि किरणे कमरेशीच विरून जातात. त्या दिवशी मंडपात बसलेल्या बायका आरती घेऊन घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा येऊन बसतात. आज किरण मुखापर्यंत गेले नाही म्हणून आपले बसणे वाया गेले, असे त्यांच्यापैकी कोणाच्या तोंडून मी ऐकलेले नाही. अर्जुनाला सांगितलेले वैराग्य संसारी माणसाने कुठून आणायचे, असा तुम्हाला प्रश्न पडत असेल, तर या बायकांकडे पाहून मला वाटते की बसण्याचे फळ मोजण्याचा सोस सोडणे, एवढे वैराग्य तुमच्या-माझ्यासारख्यांना सुरुवातीला पुरे आहे.

मग बसल्यावर विचार आले की त्यांचे करायचे काय? याचे उत्तर मला पुस्तकात सापडण्याच्या खूप आधी नृसिंहवाडीला सापडले होते, फक्त ते उत्तर आहे हे कळायला चाळीस वर्षे गेली. मी आठ-नऊ वर्षांची असताना आजी मला दक्षिणद्वार सोहळ्याला घेऊन गेली होती. तुम्हाला माहीतच आहे, कृष्णा फुगली की पाणी घाटाच्या पायऱ्या चढत मंदिरात येते, उत्तरेच्या दाराने गाभाऱ्यात शिरते, दत्तगुरूंच्या पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या दाराशी बाहेर पडणाऱ्या पाण्यात लोक स्नान करतात. मला गर्दीची आणि पाण्याचीही भीती वाटत होती, आणि देवाच्या घरात पाणी शिरले तरी कोणी ते उपसत का नाही, दार का लावून घेत नाही, असे मी आजीला पुन्हा पुन्हा विचारत होते. आजी म्हणाली, ‘आल्यालं पाणी जातंयच की गं, दोन दारं हायती न्हवं.’ एवढे बोलून तिने मला पाण्यात बुडवून काढले.

तुमच्या कारखान्यात शिरलेले पंचगंगेचे पाणी पुढे जाऊन वाडीलाच कृष्णेला मिळते. ज्या पाण्याने तुमच्या मूर्ती नेल्या, त्याच पाण्यात तिथे लोक हात जोडून उभे असतात, हे लिहिताना माझाही हात क्षणभर थांबला, कारण तुमचे नुकसान खरे आहे आणि कोणत्याही सोहळ्याने ते भरून येत नाही. मी फक्त त्या दोन दारांविषयी बोलते आहे. विचाराला आत येण्याचे दार आपण बंद करू शकत नाही. तसा प्रयत्न केला की विचार दारावर धडका देत राहतो आणि सगळी शक्ती दार दाबून धरण्यातच जाते. आपल्या हाती असते ते दुसरे दार मोकळे ठेवणे. बंधाऱ्याची आठवण आली, येऊ द्या. ‘पातळीची आठवण आली’ एवढी मनात नोंद करा आणि बोटांत असलेल्या मण्याकडे परत या. आठवणीशी भांडायला, तिची समजूत काढायला किंवा तिच्या मागे गल्लीपर्यंत जायला थांबू नका. गीतेच्या त्याच सहाव्या अध्यायातल्या २६ व्या श्लोकात सांगितले आहे की हे अस्थिर मन ज्या ज्या दिशेने बाहेर जाईल तिथून तिथून त्याला परत आणावे. जाणार नाही असे तिथे गृहीतच धरलेले नाही. एका माळेत साठ वेळा मन गेले आणि साठ वेळा तुम्ही परतलात, तर त्या दिवशी साठ वेळा अभ्यास झाला.

बसण्याच्या पद्धतीत थोडा बदल सुचवते, तो शरीराच्या बाजूने आहे. तुम्ही लिहिता की माळ भराभर ओढली जाते आणि छातीत धडधड होते. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो, आणि धास्तीत तो उथळ व जलद होतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित मंदावतात. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू हे काम करतो. म्हणून उच्छ्वास थोडा लांबवला की ती मंदावण्याची वेळही लांबते, आणि धोका टळल्याची खबर मनाच्या आधी शरीराला मिळते. तेव्हा एका श्वासाला एक मणी असे करा. श्वास सहज घ्या, आणि सावकाश सोडताना मनातल्या मनात नाम घेऊन मणी पुढे सरकवा. मिनिटाला सहा-सात श्वास या चालीने १०८ मण्यांची माळ पंधरा ते अठरा मिनिटांत पुरी होते. मेरुमणी आला की उठायचे. माळ हेच घड्याळ असल्यामुळे फोन जवळ ठेवण्याची गरज नाही, आणि माझी तर विनंती आहे की त्या वेळी तो दुसऱ्या खोलीतच असावा. सुटलेला मणी पुन्हा मोजू नका, आणि मन भरकटले म्हणून माळ पहिल्यापासूनही सुरू करू नका. चक्कर आल्यासारखे वाटले तर श्वास लांबवणे सोडून द्यावे आणि तो चालेल तसा चालू द्यावा. मांडी घालून गुडघे दुखत असतील तर सरळ पाटावर किंवा खुर्चीवर बसा. देवाची त्याला हरकत असल्याचे मी कुठे वाचलेले नाही.

आणि पन्नासाव्या मण्याला रडू आले तर रडा. वाचून मला तर वाटले की दिवसभरात तुम्हाला रडायला ती एवढीच जागा उरली आहे. नवऱ्यासमोर रडायचे नाही, सासूबाईंसमोर नाही, फोनवर मुलासमोर नाही. मग ते साठलेले पाणी देवापुढे वाहिले तर त्याला अडथळा का म्हणायचे? पदराने डोळे पुसा आणि एक्कावन्नावा मणी घ्या.

‘पळ काढणे’ या तुमच्या शब्दावर मला थोडे कठोर बोलावे लागेल. वीस वेळा पातळी पाहणे हे काम केल्यासारखे वाटते, पण त्यातून मूर्ती बोटभरसुद्धा वर सरकत नाही. पळ काढण्याचा तो खरा प्रकार आहे, कारण त्यात निर्णय पुढे ढकलता येतो. बंधाऱ्यावर किती फूट झाले की तुमच्या उंबऱ्याला पाणी लागते, हे दोन पुरांनंतर तुम्हाला पक्के ठाऊक असणार. त्याच्या काही फूट आधीचा एक आकडा ठरवा, तो खडूने कारखान्याच्या भिंतीवर लिहा, आणि त्या आकड्याला मूर्ती कुठे हलवायच्या, टेम्पो कोणाचा, उचलायला कोण कोण येणार, आणि यजमानांना कोणत्या नातलगांकडे न्यायचे, हे आत्ताच, मृगातच, ठरवून ठेवा. त्यानंतर पातळी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाहायची, आणि जोराचा पाऊस असेल तेव्हा गल्लीतल्या एखाद्या तरुणावर नजर ठेवण्याचे काम सोपवायचे. पतसंस्थेचेही तसेच. हप्ता माळेवर बसून फिटणार नाही, तेव्हा कर्जाची मुदत वाढवून मागणारा अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या, आणि यजमानांच्या आजारपणाचे कागद सोबत जोडा. माझा अनुभव असा की पहाटे पंधरा मिनिटे स्वस्थ बसलेल्या माणसाला असा अर्ज लिहायला दुपारी धीर होतो, आणि रात्रभर तळमळलेल्या माणसाला साधा फोन उचलायचीही छाती होत नाही.

यापुढचे मी जरा काळजीने लिहिते. वाडीला पाणी फारच चढले की देवही आपली जागा बदलतात. उत्सवमूर्ती उंचावर नेली जाते आणि पूजा तिथे चालू राहते. पुरात उभे राहून सोहळा करण्याला तिथेही मर्यादा आहे. रात्री दोन-तीनच्या आधी डोळा लागत नाही आणि जेवणावरची वासना गेली आहे, असे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल तर त्यावर केवळ माळ हा उपाय नाही, डॉक्टरांना दाखवायला हवे. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, ती चोवीस तास मोफत चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते. जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदा जरी मनात डोकावला तरी उजाडण्याची वाट न पाहता तो क्रमांक फिरवा आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला उठवा. गोळी घेतल्याने उपासना बाटत नाही.

आता शेवटच्या पानाविषयी. त्यावर तुम्ही जवळजवळ तक्रारीच्या सुरात लिहिले आहे, ‘आखणी करताना मात्र काहीच आठवत नाही, पण ते तेवढे अर्धे मिनिट.’ ताई, तुम्ही सहा पाने जे शोधत होतात ते हेच आहे. कुंचल्याचे टोक मूर्तीच्या पापणीला टेकते तेव्हा गल्लीतला गलका कानांवर पडत असूनही आत पोहोचत नाही, श्वास आपोआप बारीक होतो, हप्ता तिथेच असतो आणि पूरही तिथेच असतो, पण हात फक्त ती एक रेघ ओढत असतो. ते स्थैर्य तुम्हाला नव्याने शिकायचे नाही. तीस वर्षे या कारखान्यात राहून ते तुमच्या हातात आलेले आहे. पहाटे माळ घेताना ते अर्धे मिनिट आठवा आणि मणी त्या कुंचल्यासारखा धरा.

त्याच पानावर एक वाक्य खोडून पुन्हा लिहिलेले दिसले: ‘मी डोळे आखायला घेतले की हे भिंतीकडे तोंड करून निजतात.’ इतकी वर्षे ज्या कामाने त्यांना स्वस्थ ठेवले ते काम हातातून गेले आहे, आणि ते रोज त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरे कोणी करते आहे. तुमच्या अर्ध्या मिनिटासारखे दिवसाला कितीतरी अर्धे मिनिट त्यांच्याजवळ होते. आता एकही नाही. त्यांना उपदेश करू नका, आणि माळही हाती देऊ नका, ते मागतील तेव्हा द्या. खाटेची दिशा मात्र बदलून पाहा, म्हणजे उजेड आणि मूर्ती दोन्ही त्यांना दिसतील. पुढची मूर्ती आखणीला आली की त्यांना मागे उशी देऊन बसवा, तुमच्या डाव्या हाताला, आणि बुबुळ कुठे टेकवायचे तेवढे विचारा. पहिल्या दिवशी ते उत्तर देणार नाहीत, कदाचित चिडतीलही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. नंतर कधीतरी, तुमची रेघ चुकते आहे असे दिसले की, ते स्वतःहून ‘थांब’ म्हणतील. ते म्हणाले की मला दोन ओळींचे पत्र टाका.